पाच-सहा कोंबड्यांचं पहिलं खुराडं: डालगं, पिंजरा, बांबूचं की विटांचं?

परसात पाच-सहा कोंबड्या पाळायचं ठरलं की घरात आधी छपराची चर्चा होते. पत्रा घ्यायचा की कौलं, रंग कोणता. दाराच्या कडीचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि कोंबड्या जातात त्या बहुतेक वेळा त्या दारातूनच. हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी जाळी, कडी आणि खुराड्याच्या तळावर खर्च करावेत. भिंती आणि छप्पर जुन्या-पुराण्या मालात भागतं, असं माझं ठाम मत आहे. खालची सगळी तुलना त्याच नजरेने केली आहे.

आधी मापं. कोंबडी दिवसभर मोकळी फिरणार असेल तर खुराडं तिला रात्री झोपायला आणि अंडं घालायलाच लागतं. अशा वेळी गावरान कोंबडीला दोन चौरस फूट पुरतात, वनराज-गिरीराजसारख्या जड अंगाच्या जातींना तीन धरा. म्हणजे सहा गावरान कोंबड्यांना चार बाय चार फुटांत भागेल, पण सहा बाय चार बांधा. एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की दोन महिन्यांत घरातली संख्या दुप्पट होते, आणि खुराडं मागाहून वाढवणं नवीन बांधण्याहून महाग पडतं. अंगण उघडं नसेल आणि कोंबड्या कायम जाळीतच राहणार असतील, तर खुराड्याला लागून प्रत्येक पक्ष्यामागे आठ-दहा चौरस फुटांची फिरायची जागा हवी. ती देता येत नसेल तर कोंबड्या कमी ठेवा.

आता शत्रू ओळखा, कारण निवड त्यावर ठरते. मुंगूस दिवसा येतं. घारही दिवसाच. उदमांजर, रानमांजर, घूस रात्री येतात. भटकी कुत्री आणि साप कधीही. कितीही भक्कम खुराडं बांधलं तरी दुपारी मुंगूस पिल्लं नेतंच, कारण पिल्लं तेव्हा बाहेर असतात. दिवसाची राखण आणि रात्रीची राखण ही दोन वेगळी कामं आहेत.

म्हणूनच डालगं, म्हणजे कोंबडीवर पालथी घालायची बांबूची टोपली, सगळ्यात स्वस्त असूनही मी त्याला कमी लेखत नाही. बुरुडाकडून विणून घेतलेलं चांगलं मोठं डालगं काही शे रुपयांत येतं. पिल्लांसकट कोंबडी दिवसा अंगणात डालग्याखाली ठेवली, वर दगड ठेवला, की घारीची आणि मुंगसाची चिंता मिटते. जागा रोज बदलता येते, गवत-किडे मिळतात. रात्रीसाठी मात्र ते घराच्या आत, पडवीत किंवा माजघरातच चालतं. बाहेर ठेवलेलं डालगं कुत्रं सहज उलटवतं. शिवाय त्यात दांडी बसत नाही, कोंबड्या रात्रभर स्वतःच्याच विष्ठेत बसतात. दोन कोंबड्या असतील आणि बंद पडवी असेल तर पहिलं वर्ष यावर निघेल. सहा असतील तर डालगं दिवसासाठी ठेवा आणि रात्रीची सोय वेगळी करा.

तयार लोखंडी पिंजरा शहरातल्या आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मोहात पाडतो, आणि त्याची कारणं खरी आहेत. एका दिवसात उभा राहतो, घर बदललं तर सोबत जातो, धुवायला सोपा, आणि लोखंडात उवा-गोचिडांना लपायला फटी जवळपास नसतात. पण विक्रेता ‘वीस पक्ष्यांचा’ म्हणतो तेव्हा तो कायम कोंडून ठेवलेल्या अंड्यांच्या कोंबड्यांचा हिशेब सांगत असतो. परसातल्या कोंबडीसाठी लांबी-रुंदी स्वतः मोजा आणि वर दिलेल्या मापाने भागा. तळ तारेचा असेल तर जड कोंबड्यांचे तळपाय सोलवटतात, त्यांना गाठी येतात. अर्ध्या भागावर फळी टाका आणि एक लाकडी दांडी बसवा. चारी बाजू उघड्या असल्याने पावसाळ्यात पिंजरा छपराखालीच हवा. गज विरळ असतील तर मांजर बाहेरून पाय ओढतं, त्यामुळे खालच्या दीड फुटाला बारीक जाळी गुंडाळावी लागते. हे सगळं जोडलं की ‘तयार’ पिंजऱ्याची किंमत बरीच वाढलेली असते. समुद्राजवळच्या गावांत तर खाऱ्या हवेने तो दोन-तीन पावसाळ्यांत गंजायला लागतो.

बांबूचं उंच खुराडं हे माझ्या मते बहुतेकांसाठी पहिलं खुराडं म्हणून योग्य आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. जमिनीपासून दोन फूट वर मचाण, त्यावर सहा बाय चारची खोली, छप्पर उतरतं. दहा-बारा बांबू लागतात. सिंधुदुर्गात माणगा जातीचा बांबू सहज मिळतो. घाटावर जो मिळेल तो, फक्त कोवळा नको. तोडलेला बांबू पंधरा-वीस दिवस पाण्यात बुडवून मग सावलीत सुकवला तर त्यातला गोडवा उतरतो आणि भुंगा कमी लागतो. तळाच्या पट्ट्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवा. विष्ठा खाली पडते, वारा खालून येतो, आणि खालचं खत आठवड्याला ओढून काढलं की झालं. फट याहून मोठी झाली तर पिल्लांचे पाय अडकतात. झोपायची दांडी तळापासून फूटभर वर, दोन इंच जाड आणि गोलसर असावी. एका कोंबडीला आठ-दहा इंच लांबी धरा. वनराज फार उडत नाही, तिच्यासाठी दांडी आणखी खाली घ्या, नाहीतर उतरताना पाय दुखावतात. अंड्यांसाठी फूट बाय फूटचे दोन खोके सहा कोंबड्यांना पुरतात, थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात. फळांचे जुने क्रेट चालतील.

खांब थेट मातीत गाडू नका, चिऱ्यावर किंवा दगडावर उभे करा. बांबू कुजतो तो मातीला लागतो तिथेच. घूस-उंदरांसाठी, कोकणात माडाला पत्रा बांधतात तसा, प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा. शिडी रात्री काढून ठेवा.

जाळीबाबत तडजोड नको. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून जी षटकोनी, पातळ तारेची जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, घ्या. सहा बाय चारच्या खुराड्याचा घेर वीस फूट. खालचे दीड फूट बांबूच्या पट्ट्यांनी बंद करून वरच्या दोन फुटांना जाळी लावली तर चाळीस चौरस फूट पुरते. यात खर्च वाटेल तेवढा होऊ द्या, आणि छपरात वाचवा: घर दुरुस्त करताना उतरवलेली मंगळुरी कौलं, जुना पत्रा, पावसाच्या बाजूला पडदा म्हणून जुना फ्लेक्स. कौलं घातली तर त्यांच्या खालीही जाळी हवी, कौल सरकवून मांजर आत उतरतं.

उणीव एकच, पण मोठी. बांबूच्या पेरांत आणि बांधणीच्या सुतळीत तांबड्या गोचिडी लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. सुतळीऐवजी तार वापरा, दांडी काढता येईल अशी ठेवा, महिन्यातून एकदा ती कडक उन्हात टाका. एवढं केलं तर हे खुराडं तीन-चार वर्षं जातं.

विटांचं किंवा चिऱ्याचं पक्कं खुराडं दिसायला निर्विवाद भारी. सहा बाय चारच्या जागेला दोन फूट उंच, साडेचार इंच जाडीची भिंत म्हणजे दोनशेच्या आसपास विटा, वर वेल्डमेश, आणि गवंड्याची मजुरी. खर्चात मजुरीच पुढे असते. पण पहिल्या वर्षी तुम्हाला अजून कळलेलंच नसतं की पाऊस कुठून सडकतो, दुपारची सावली कुठे पडते, शेजाऱ्याच्या खिडकीपर्यंत वास जातो का. बांबूचं खुराडं चार माणसं उचलून हलवतात, पक्कं हलत नाही. तळ जमिनीवर असल्याने भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर घालून तो सतत परतावा लागतो. पावसाळ्यात तो ओला राहिला की वास कोंदतो. खाली वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन पाहा: डोळे चुरचुरले तर हवा कमी पडते आहे. चिऱ्याची भिंत असेल तर आतून गिलावा कराच, त्याची भोकं गोचिडींना आयती घरं होतात.

तरी दोन ठिकाणी मी थेट पक्कंच बांधायला सांगेन. जुन्नरसारख्या बिबट्याच्या भागात, जिथे ऊस घराच्या भिंतीपर्यंत येतो, तिथे बांबू टिकणार नाही. वीट आणि लोखंडी दार हवं. आणि जिथे कोंबड्या आधीपासून आहेत, जागा ठरलेली आहे, संख्या वीसच्या वर गेली आहे, तिथे.

विदर्भ-मराठवाड्यात यापैकी काहीही निवडलं तरी उन्हाळा हा वेगळा खर्च आहे. उघडा पत्रा मे महिन्यात कोंबड्या मारतो. त्यावर पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तुऱ्हाट्या (तुरीच्या काड्या) किंवा गवताचा जाड थर, बाजूला ओलं गोणपाट, आणि खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन लांब बाजूने आत घुसत नाही. कोकणात मात्र पाऊस नैर्ऋत्येकडून येतो हे आधी बघा, त्या बाजूला भिंत किंवा पडदा ठेवा आणि दार पूर्वेला.

बजेट करताना मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचे पैसे खुराड्याच्या पैशांतून वेगळे काढून ठेवा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पक्कं खुराडं बांधून लस न देणाऱ्याच्या कोंबड्या साथ आली की एका आठवड्यात संपू शकतात. सोसायटीत किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर आधी परवानगीची चौकशी करा, आणि कोंबडा आणू नका. खायच्या अंड्यांसाठी त्याची गरज नसते.

नव्या कोंबड्या आणल्यावर पहिले चार-पाच दिवस त्यांना खुराड्यातच कोंडून दाणापाणी द्या. मग संध्याकाळच्या तासाभरासाठी सोडा. तेवढ्या वेळात त्या फार लांब जात नाहीत आणि अंधार पडू लागला की आपणहून परत येतात. त्यानंतर दिवसभर मोकळ्या सोडायला हरकत नाही. रोज रात्री मात्र मोजून घ्या आणि मगच कडी लावा.