संवेग, ऊर्जा की गतीची समीकरणं? गाळात रुतणाऱ्या खांबाचं गणित

खाडीत जेट्टीसाठी खांब ठोकायचा आहे. समजा, ६०० किलोचा घण ५ मीटर उंचीवरून २०० किलोच्या खांबावर पडला, न उसळता खांबासोबतच खाली गेला आणि खांब गाळात १५ सेंटिमीटर रुतला. गाळाचा सरासरी विरोध किती?

अकरावी-बारावीच्या मुलांसमोर इथे तीन वाटा असतात: संवेग (वस्तुमान गुणिले वेग), ऊर्जा आणि गतीची समीकरणं. एकच वाट धरून शेवटपर्यंत जायचा मोह आवरा. या गणिताचे तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याचा नियम वेगळा आहे.

घण पडतो तो भाग सोपा. गुरुत्व त्वरण १० धरलं तर खांबाला भिडताना त्याचा वेग सेकंदाला १० मीटर, कुठल्याही पद्धतीने.

आदळण्याच्या क्षणाला मात्र संवेगाशिवाय पर्याय नाही. आघात इतका क्षणिक असतो, की तेवढ्या वेळात गाळ आणि वजन यांचा आवेग (बल गुणिले वेळ) नगण्य ठरतो, म्हणून एकूण संवेग टिकतो. ६००० भागिले ८०० म्हणजे दोघांचा मिळून वेग ७.५. गतिज ऊर्जा टिकत नाही: आधी ३०,००० ज्यूल, नंतर २२,५००. उरलेले ७,५०० ज्यूल उष्णता, आवाज आणि धातूच्या दबण्यात गेले. आपटून एकत्र जाणाऱ्या वस्तूंचं गणित सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऊर्जेने सोडवलं तर इथे २,०८,००० न्यूटन उत्तर येतं. ते चूक आहे, आणि पर्यायांत नेमका हाच आकडा दिसला तर मूल निर्धास्तपणे त्यावर खूण करतं.

आता रुतण्याचा भाग. खरी निवड इथेच आहे.

समीकरणांची वाट: वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, म्हणजे मंदन १८७.५. त्यात १० मिळवून ८०० ने गुणलं की १,५८,००० न्यूटन. ऊर्जेची वाट: २२,५०० भागिले ०.१५ म्हणजे दीड लाख, अधिक ८,००० वजन. उत्तर तेच. वजन दोन्हीकडे मिळवावं लागतं, कारण खांब खाली जाताना गुरुत्वही कार्य करत असतं. आडव्या दिशेने ठोकळ्यात घुसणाऱ्या गोळीच्या गणितात ही पायरी नसते. त्या सवयीने इथे बरेच जण दीड लाखावरच थांबतात.

उत्तर एकच येत असलं तरी मी ऊर्जेच्या बाजूने आहे. वर वापरलेलं वेग आणि अंतर जोडणारं तिसरं समीकरण त्वरण स्थिर असेल तरच चालतं, आणि पाण्याचा विरोध कधीच स्थिर नसतो. इंजिन बंद केलेली १००० किलोची होडी सेकंदाला ३ मीटर वेगावरून संथ पाण्यात थांबली, तर विरोध क्षणोक्षणी बदलला तरी त्याने केलेलं कार्य उणे ४,५०० ज्यूल, हे एका ओळीत सांगता येतं. समीकरणं तिथे हात टेकतात.

प्रश्नात वेळ दिली किंवा विचारली असेल तर ऊर्जा बाजूला ठेवा आणि आवेग घ्या. घण आणि खांब यांचा मिळून संवेग ६०००, निव्वळ बल दीड लाख, म्हणून थांबायला ०.०४ सेकंद. जेट्टीला टांगलेल्या जुन्या टायरांचं कामही आवेगानेच कळतं: होडीचा संवेग तितकाच बदलतो, वेळ वाढते, बल कमी होतं.

सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे आधी संवेग, मग ऊर्जा हीच जोडी पाठ असू द्या. पहिल्यांदाच शिकत असाल तर मात्र काही गणितं दोन्ही वाटांनी सोडवा. उत्तरं जुळली नाहीत तर बहुधा वजन राहिलेलं असतं.

एक बारकावा पुस्तकं घाईत ओलांडतात. विरोध बदलता असेल तर ऊर्जेने मिळते ती अंतरावरची सरासरी आणि आवेगाने मिळते ती वेळेवरची. विरोध खोलीच्या प्रमाणात वाढत असेल आणि वजन सोडून दिलं, तर पहिली सर्वाधिक बलाच्या निम्मी येते, दुसरी सुमारे ०.६४ पट. दोन्ही बरोबर आहेत. म्हणून ‘सरासरी विरोध’ असं वाचलं, की अंतर दिलंय की वेळ, हे आधी पाहा.