उन्हाळ्याचा टॉप कशाचा शिवायचा? जुनी साडी, नवऱ्याचा शर्ट की कटपीस

एप्रिल लागला की वळीव येईस्तोवर कोल्हापुरात पण अंग नुसतं शिजतंय आणि रेडिमेड कुर्ते पाठीला चिकटतात, म्हणून गेले दोन उन्हाळे मी टॉप घरीच शिवतेय. तिन्ही प्रकार करून झालेत. पहिल्यांदाच कात्री हातात घेणार असाल तर ती शर्टावर चालवा, साडीवर नको.

शर्टात निम्मं काम आधीच झालेलं असतं. बटणपट्टी तयार, काजं तयार, खालची घडी तयार, आणि इतक्यांदा धुतलेला असतो की आटायचा तेवढा आटून झालेला असतो. कॉलर उसवायची, बाह्या काढायच्या, आपला नीट बसणारा एक कुर्ता वर ठेवून मुंढा (बाही जोडतात तो गोल) आणि बाजू खडूनं आखायच्या, काढलेल्या बाहीतनंच तिरकी पट्टी कापून गळ्याला-मुंढ्याला लावायची, झाला स्लीव्हलेस टॉप. पुरुषांच्या शर्टाला बटणं उजवीकडं असतात, आपल्याला डावीकडं, पण ते बघायला कोण येतंय! फक्त खिशाला हात लावू नका. मी फिक्या निळ्या शर्टाचा खिसा हौसेनं उसवला तर खाली बरोब्बर खिशाएवढा गडद चौकोन, कारण तिथं ऊनच लागलेलं नव्हतं, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत भोकं. शेवटी तोच खिसा परत तिथंच शिवला, तो पण जरा वाकडाच बसला.

अंगाला सगळ्यात गार म्हणाल तर जुनी सुती साडीच, त्यात वादच नाय. साडेपाच मीटर कापड असतं, धड भाग निवडून घेतला तरी दोन टॉप आरामात निघतात आणि काठ खाली घेतला की घडी मारायचं कामच वाचतं. पण जुनी साडी दगा देते. पदराची खांद्यावरची बाजू आणि निऱ्यांचा खालचा भाग विरलेला असतो, म्हणून कापायच्या आधी कापड उजेडाकडं धरून दोन्ही हातांनी हलकंच ताणून बघायचं, धागे सरकून फट दिसली तर तो तुकडा निदान बगलेत तरी आणायचा नाही. फिटिंग ढगळच ठेवा आणि मशीनला 11 नंबरची सुई घाला, 16 ची घातली तर टिपेच्या रेषेवरच फाटतं. पारदर्शक दिसतंय म्हणून अस्तर लावाल तर गारवा गेलाच, त्यापेक्षा आत स्लिप घाला. आणि हो, साडी सासूबाईंची असेल तर आधी विचारा, ती वाकळेसाठी, म्हणजे गोधडीसाठी, बाजूला ठेवलेली असते!

कटपीसला पैसे जातात, पण रंग आणि प्रिंट आपल्या मनासारखं मिळतं, ऑफिसला घालायला हाच बरा. महाद्वार रोडला फिरलं की एक तरी आवडतोच, आणि इचलकरंजी उशाला असल्यावर सुती कापडाला काय तोटा. 44 इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) स्लीव्हलेस आखूड टॉपला सव्वा मीटर लागतं, बाह्या पाहिजेत तर दीड ते पावणेदोन. तुकडा दुकानातच मोजून घ्या. कॉटन म्हणून दिलेल्यात पॉलिस्टर असतं कधीकधी, म्हणून घरी आल्यावर कडेचे दोनचार धागे काढून जाळून बघा, कागदासारखी राख झाली तर कॉटन, वितळून कडक गोळी झाली तर उन्हाळ्यात घालायच्या लायकीचं नाही. आणि कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवाच. मी एकदा कंटाळा केला, पहिल्या धुण्यात टॉप इतका आखडला की आता तो लेक घालते.

चैत्रात जोतिबाला घालून जायचा असेल तर मात्र डोकं चालवू नका, शर्टाचाच करा. तिथं यात्रेत उधळलेला गुलाल धुऊन निघत नाही.