डोपामाइन की नॉरॲड्रेनालाइन?

ओटीपी वाचल्यापासून टाइप होईपर्यंत आकडे मनात धरून ठेवते ती वर्किंग मेमरी. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये तिच्यासाठी ही दोन्ही रसायनं राबतात, पण नाव होतं ते बहुधा एकट्या डोपामाइनचं.

ते अगदीच अनाठायी नाही. 1979 मध्ये ब्रोझोस्की, गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या याच भागातलं डोपामाइन घटवलं. मध्ये थोडा वेळ थांबून मग उत्तर द्यायचं, अशा कामात माकडं इतकी चुकू लागली की तो भागच कापून काढलाय असं वाटावं. डोपामाइन मुख्यतः डी1 ग्राहींमार्फत (ग्राही म्हणजे पेशीवरची, रसायन जिथे चिकटतं ती जागा) नको असलेले संकेत दाबतं. प्रमाण वाढलं की हवे ते संकेतही दबतात. त्यामुळे 'डोपामाइन वाढवा' हा रीलवरचा सल्ला अर्धवटच.

मला नॉरॲड्रेनालाइन जास्त रोचक वाटतं. आपण सावध पण निवांत असतो तेव्हा ते अल्फा-2ए ग्राहींना चिकटतं आणि पेशींमधली जोडणी घट्ट होते. ताणाखाली पातळी चढली की तेच रसायन अल्फा-1 ग्राहींनाही चेतवतं आणि जोडणी सैल पडते. साहेब समोर उभे असताना साधा तोंडी हिशेब चुकतो, त्यात याचाही हात असतो.

औषधांत हा फरक दिसतो. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) दिलं जाणारं ग्वानफेसिन अल्फा-2ए ग्राहींवर काम करतं. मिथाइलफेनिडेट मात्र दोन्ही रसायनं वाढवतं, त्यामुळे त्याने गुण आला तर श्रेय नेमकं कोणाला द्यायचं, हे ठरवणं अवघड.