मांजराचा मुतखडा: खाण्यावर विरघळवायचा की ऑपरेशन करायचं?

लघवीच्या रिपोर्टात ‘क्रिस्टल्स’ (क्षारांचे बारीक स्फटिक, यांचाच पुढे खडा होतो) दिसले की बहुतेक जण दुकानातून ‘युरिनरी’ लिहिलेलं पाकीट घेऊन येतात. जरा थांबा. कोणतं खाणं द्यायचं ते क्रिस्टल कोणते यावर ठरतं.

त्याआधी एक गोष्ट. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय, शेपटीखाली चाटतोय आणि थेंबही पडत नाहीये, तर लघवी तुंबली आहे. याला बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट बघू नका आणि पोट दाबू नका. रक्तात पोटॅशियम चढून एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच रात्री दवाखाना गाठायचा. तिथे कॅथेटर (लघवी काढायची नळी) आणि सलाईन हेच उपचार, खाण्याचा विचार नंतर.

आता नेहमीच्या दोन प्रकारच्या खड्यांची तुलना. पहिला स्ट्रुवाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट. लघवी घट्ट आणि तिचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) 6.5 च्या वर असला की ते सहज बनतात. पीएच 6.0 ते 6.4 वर आणणारं, मॅग्नेशियम-फॉस्फरस कमी असलेलं प्रिस्क्रिप्शन खाणं (डॉक्टरांनी लिहून दिलेलं) सुरू केलं की मांजरातले हे खडे बहुधा 2 ते 5 आठवड्यांत विरघळतात. चिरफाड टळते. म्हणून मांजर तुंबलेलं नसेल तर आम्ही आधी हाच मार्ग धरू. तो फसतो तो घरातल्या लाडांमुळे: आजी हळूच सुकट टाकते, कोणी बिस्किट देतं आणि महिन्याभराने एक्स-रेमध्ये खडा तसाच.

दुसरा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेट. तो कशानेच विरघळत नाही. तो त्रास देत असेल तर ऑपरेशनच. मादीत अगदी बारीक खडे भूल देऊन मूत्रमार्गातून बाहेर काढता येतात. खाणं इथे पुन्हा खडा होऊ नये म्हणून. लघवी फार आम्लधर्मी झाली तर ऑक्झलेटला उलट जोर मिळतो, त्यामुळे दोघांना एकच उपाय चालत नाही.

चाचणीतही चूक होते. नमुना फ्रिजमध्ये राहिला तर बाटलीतच नवे क्रिस्टल बनतात. तो तासाभरात तपासायला सांगा. सोबत एक्स-रे किंवा सोनोग्राफी हवीच. मांजराला काही त्रास नसेल, खडाही नसेल, तर नुसत्या चार क्रिस्टल्सवर उपचार लागतातच असं नाही.

कोरडं की ओलं? शक्य असेल तर ओलं. ओल्या खाण्याच्या पाऊचमध्ये 75 ते 80 टक्के पाणी असतं, कोरड्यात जेमतेम 10. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं आणि 200 ग्रॅम पाऊचमधून त्यातलं दीडशे मिली आपसूक जातं. बजेट नसेल तर कोरडंच प्रिस्क्रिप्शन खाणं कोमट पाण्यात भिजवा. परिणाम ट्रेमध्ये दिसतो: ट्रेमधल्या मातीचे (कॅट लिटरचे) सुपारीएवढे गोळे लिंबाएवढे होऊ लागले की लघवी पातळ होतेय. नवं खाणं 7 दिवसांत हळूहळू वाढवत न्या. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी विचारा, कारण तहान वाढावी म्हणून यातल्या काहींत मीठ जास्त असतं.

जळजळीवर माणसांना देतात ते अल्कलायझर सिरप देऊ नका, त्याने पीएच चढतो आणि स्ट्रुवाइट वाढतात. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच.

दर 2 ते 4 आठवड्यांनी एक्स-रे काढा. खडा दिसेनासा झाला तरी तेच खाणं आणखी महिनाभर चालू ठेवा. एक्स-रेमध्ये न दिसणारे बारीक कण मागे राहिलेले असू शकतात.