बीजीएमआय मुलांच्या हातात देण्याआधी

सप्टेंबर 2020मध्ये पबजी मोबाइल या गोळीबाराच्या खेळावर बंदी आली आणि 2 जुलै 2021ला क्राफ्टन या कंपनीने खास भारतासाठी बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया (बीजीएमआय) आणला. जुलै 2022मध्ये तोही स्टोअरवरून गेला, मे 2023मध्ये परतला. इथल्या आवृत्तीत हिंसा सौम्य केलेली आहे. गोळी लागली की हिरवे शिंतोडे उडतात, 'किल'च्या जागी 'फिनिश' हा शब्द येतो. प्रेत पडून राहत नाही, सामानाची पेटी उरते. एवढ्याने पालकांची अस्वस्थता जात नाही, आणि जाऊही नये. रंग हिरवा केला म्हणून खेळातली कृती बदलत नाही.

स्क्वॉडमध्ये, म्हणजे चार जणांच्या संघात, खेळताना जीव संपला तरी खेळाडू लगेच बाद होत नाही, 'नॉक' होतो. हातापायांवर सरपटत राहतो आणि उरलेली पट्टी आटत जाते. सोबती जवळ बसला आणि काही सेकंद टिकला, तर पडलेला पुन्हा उठतो. समोरचा तरबेज असेल तर नॉक झालेल्याला मुद्दाम तसाच ठेवतो, कारण त्याला उचलायला येणारा आयता टप्प्यात येतो. डाव म्हणून ही चाल बिनचूक आहे. पण मदतीला धावणाऱ्यावर नेम धरून बसणं लहान वयात सवयीचं व्हावं, हे आम्हाला खरंच खुपतं.

मोड कोणता, यानेही मोठा फरक पडतो. क्लासिक सामन्यात 100 जण उतरतात, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. बराच वेळ लूट गोळा करण्यात, झोनमध्ये, म्हणजे आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळात, पळण्यात आणि मलमपट्टीत जातो. एका बँडेजने जीवाची पट्टी 10ने भरते, फर्स्ट एड किटने 75 पर्यंत. बंदूक फारशी न चालवताही, लपत-छपत शेवटच्या दहांत पोचता येतं आणि रँकही वाढते. टीडीएममध्ये (टीम डेथमॅच) यातलं काही नाही. चार विरुद्ध चार, मेलं की काही सेकंदांत पुन्हा उभं, आधी 40 फिनिश करणारा संघ जिंकतो. विचार करायला उसंतच नाही. खेळू द्यायचंच असेल तर क्लासिक, तेही ओळखीच्या माणसाबरोबर ड्युओ, म्हणजे दोघांच्या जोडीने. टीडीएम नको.

पडद्यापेक्षा कानात जे येतं ते जास्त घाण असतं. अनोळखी स्क्वॉडमध्ये आईबहिणीवरून शिव्या सर्रास चालतात. मिनीमॅपजवळ स्पीकर आणि माइकची चिन्हं असतात. स्पीकर 'ऑल'वरून 'टीम'वर आणा, अनोळखी टीम असेल तर दोन्ही बंद करा. फक्त माइक बंद केल्याने समोरचं ऐकू येणं थांबत नाही, इथे बरेच पालक फसतात.

वेळेचं गणित सामन्यांवर मांडा. क्लासिक सामना साधारण 30 मिनिटांचा. फोनमध्ये अर्ध्या तासाची मर्यादा लावली तर लॉबीत, म्हणजे सामना सुरू होण्याआधीच्या पडद्यावर, गेलेल्या वेळामुळे सामना ऐन शेवटच्या झोनमध्ये तुटतो, सोबती उघडे पडतात, रँक घसरते, आणि घरात रडारड होते. दोन सामने ठरवा, मर्यादा 75 मिनिटांची ठेवा. खेळात अल्पवयीनांसाठी तीन तासांची मर्यादा आहे, पण ती खेळाडूने सांगितलेल्या वयावर आणि खात्यावर अवलंबून. वय चुकीचं टाकलं की ती लागूच होत नाही. म्हणून गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या अ‍ॅपमधून फोनवरच मर्यादा घाला.

सोळाच्या आतल्या मुलांसाठी आम्ही हा खेळ सुचवणार नाही. वरच्यांसाठीही, इन्स्टॉल केल्यावर एक पूर्ण सामना शेजारी बसून बघा. हेडफोन काढून ठेवा आणि आवाज स्पीकरवर घ्या.