ज्युलियन पिलर, किसणी की विळी: घरासाठी काय घ्यावं?

रोजच्या जेवणात काकडी-गाजराची कोशिंबीर लागत असेल तर ज्युलियन पिलर जरूर घ्या. उन्हाळ्यात वाळवणाचा मोठा पसारा मांडत असाल तर पैसे आधी चांगल्या किसणीत घाला. विळी मात्र कोणत्याच घरानं माळ्यावर टाकू नये.

या पिलरच्या पात्याला बारीक दात असतात. गाजरावरून ओढला की लांब, बारीक काड्या पडतात. किसणी भाजी फाडते, त्यामुळे रस सुटतो. पिलरचे दात कापतात, त्यामुळे काड्या करकरीत राहतात. किसलेल्या काकडीला मीठ लागायच्या आधीच पाणी सुटतं, आणि डबा वावरात पोचेपर्यंत कोशिंबीर पाणीपाणी होते. काड्यांनाही मीठ लागलं की पाणी सुटतंच, पण उशिरा. निंदणाच्या नाहीतर कापूस वेचायच्या दिवसांत डब्यात नुसत्या काड्या आणि सांभार (कोथिंबीर) भरावा. मीठ, दाण्याचा कूट आणि लिंबाची फोड वेगळी बांधावी आणि जेवायला बसल्यावर कालवावं. बीट, मुळा, कच्ची पपई, असं जे जे कडक आहे ते पिलरवर छान निघतं.

गाजराचा हलवा मात्र किसणीचाच. बारीक कीस दुधात लवकर शिजतो आणि मिळून येतो. काड्या शेवटपर्यंत वेगळ्याच राहतात. कैरीच्या तक्कूचंही तसंच आहे. गूळ विरघळायला कैरीचा रस सुटायलाच हवा.

आणि आलूचा कीस! उपवासाच्या चिवड्यासाठी पाच-दहा किलो आलू काढले की पिलरवर मनगट भरून येतं. सोललेला आलू निसरडा असतो, लहान होत गेला की बोटं थेट दातांपाशी येतात. त्यापेक्षा मोठ्या भोकांची किसणी पाण्यानं भरलेल्या परातीत टेकवावी आणि आलू लांबीच्या बाजूनं एकाच दिशेनं ओढावा, म्हणजे कीस लांब पडतो आणि काळाही होत नाही. दोन-तीन पाणी बदलून, तुरटी फिरवून, उकळत्या पाण्यातून अर्धवट शिजवून काढला की पुढचं काम आपलं ऊन करतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा गच्चीवर पातळ पसरलेला कीस वाळायला वेळ लागत नाही.

विळीचं राज्य वेगळं. पत्ताकोबी, कांदा, भेंडी, मेथी, टमाटर यांत पिलरचं काही चालत नाही. कोबीचे पापुद्रे सुटतात, टमाटर चेंगरतो. विळीला धार लावून घेता येते, पिलरच्या दातांना घरी धार लावता येत नाही. पण विळीसाठी खाली बसावं लागतं. गुडघे धरलेल्या आजीला खाटेवर बसून, मांडीवर ताट घेऊन कोशिंबिरीची तयारी करता येते ती पिलरमुळेच, आणि माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा तो घरात असावा. लाईट गेली तरी काम अडत नाही, हेही आहेच.

गाजर हातात अधांतरी धरून सोलू नका. पोळपाटावर आडवं ठेवा, मागचं टोक धरा आणि पिलर, गाजर धरलेल्या हातापासून दूर, पुढे ओढा. चार-पाच काड्या निघाल्या की गाजर थोडं फिरवा. मधला दांडा बोटाएवढा उरला की थांबा. तो भाजीत चिरून टाका, नाहीतर पोरांना खायला द्या. शेवटची काडी काढायच्या हावेतच बोट कापतं.

वापरला की लगेच धुवा. गाजराचे धागे दातांत वाळले की निघता निघत नाहीत. जुन्या टूथब्रशनं पात्याच्या मागच्या बाजूनं घासा, बोटानं कधीच नाही, आणि पुसून कोरडा करून टांगा.

आठवडी बाजारात घेताना पातं स्टेनलेस स्टीलचं आहे ना, ते विचारा. दात सगळे एका रेषेत आहेत का, ते उजेडात धरून पाहा. मूठ ओल्या हातानं धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मूठ फिरली की पातं बोटावर येतं.