जॉर्ज जोन्सचं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ : कित्येक महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

हे गाणं ऐकून रडू आलं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मलाही आलं. पण पहिल्या वेळच्या रडण्यावरून गाण्याची पारख होत नाही, असं माझं मत आहे. शेवट कळलेला आहे, पुढची ओळ कोणती ते माहीत आहे, तरीही ते पुन्हा लावावंसं वाटतं का, हा खरा प्रश्न. गेल्या गणपतीच्या सुमारास मी या गाण्याची ४५ आरपीएमची जुनी तबकडी घेतली. आता इथे ह्यूस्टनमध्ये उन्हाळा तापायला लागलाय आणि मी अजून ती लावते. तबकडीवर, गाडीत, हेडफोनवर, सगळीकडे ऐकून झालं. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

अमेरिकेतलं कंट्री संगीत म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांची ओळख जॉन डेन्व्हरपाशी थांबते. डोंगर, नदी, घराची ओढ. जॉर्ज जोन्सचा मुलूख वेगळा. तो पूर्व टेक्सासचा, १९३१ साली सॅराटोगा नावाच्या खेड्यात जन्मलेला, पोरवयात बोमॉन्टच्या रस्त्यांवर गिटार घेऊन गाणारा. हे बोमॉन्ट आमच्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. इथल्या जुन्या लोकांपुढे जोन्सचं नाव काढलं की ते आधी त्याच्या आवाजाबद्दल बोलतात आणि मग दारूबद्दल. दोन्ही गोष्टी या गाण्यात आहेत. दारूचा उल्लेख शब्दांत कुठे नाही, तरी आहे.

आधी गाण्यातली गोष्ट. एका माणसाने एका बाईला सांगितलेलं असतं की मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणते, विसरशील हळूहळू. तो विसरत नाही. भिंतीवर तिचा फोटो. बिछान्याशेजारी तिची १९६२ सालची पत्रं, त्यांत जिथे जिथे तिने प्रेमाचे शब्द लिहिलेत तिथे तिथे त्याने लाल रेघ मारलेली. हे सगळं आपल्याला त्याचा एक मित्र सांगतोय. आणि मग मित्र म्हणतो की आज मी त्याला बघायला गेलो, आज त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, छान कपडे करून तो निघायच्या तयारीत होता, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला तो हसताना दिसला.

पहिल्यांदा ऐकताना इथे वाटतं, सुटला बिचारा. गाण्याचं नावही तेच सांगतंय, आज त्याने तिच्यावर प्रेम करणं थांबवलं. पुढच्याच ओळीत दारावर फुलांचं चक्र लावलेलं दिसतं आणि थोड्याच वेळात त्याला उचलून नेणार आहेत हे कळतं. तो मेला, असं गाण्यात एकदाही सरळ म्हटलेलं नाही. सगळं काम त्या दारावरच्या फुलांनी केलंय.

आता वापरानंतरचा मुद्दा. शेवट कळल्यावर रहस्य संपतं आणि बरीच गाणी तिथेच मिटतात. हे मिटत नाही, कारण मागे वळून ऐकलं की ‘छान कपडे’ आणि ‘हसणं’ या साध्या तपशिलांचा अर्थच बदललेला असतो. मित्र आपल्याशी खोटं बोललेला नाही. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं, फक्त कुठे पाहिलं ते सांगितलं नाही. हे मला बऱ्याच दिवसांनी, एकदा भांडी आवरताना सहज ऐकत असताना, नीट उमगलं. तेव्हापासून मी हे गाणं त्या माणसासाठी कमी आणि त्या सांगणाऱ्या मित्रासाठी जास्त ऐकते. इतकी वर्षं कोणीतरी त्याच्याकडे जात होतं, त्याचं चाललंय ते बघत होतं, आणि काही करू शकत नव्हतं. जोन्स गातो तो त्या मित्राच्या आवाजात, म्हणून तो हुंदके देत नाही, बातमी दिल्यासारखा गातो. आवाज थोडा दाटतो, पण फुटत नाही.

त्या आवाजाबद्दल थोडं. जोन्स जबडा जेमतेम उघडून गातो. एखादा स्वर पकडला की तो तिथे उभा राहत नाही, खालून सरकत येतो किंवा हळूच उतरतो. आपल्या कानांना त्यात मींड ऐकू येईल. फार मोठा आवाज नाही, लांब ताना नाहीत. पहिल्या दोन कडव्यांत वाद्यंही बेताची. मागे चार्ली मकॉयचा माउथ ऑर्गन आहे, तो इतका जपून वाजवलाय की चांगल्या हेडफोनवर ऐकेपर्यंत माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. धृपद आलं की व्हायोलिनं वर चढायला लागतात आणि त्यांच्यावरून मिली कर्कम या गायिकेचा शब्दांविना, उंच, एकाकी आवाज जातो. गाडीत हा आवाज रस्त्याच्या घरघरीत हरवतो. घरी, रात्री, तो अंगावर येतो.

माझी तक्रारही याच जागेबद्दल आहे. बिली शेरिल हा निर्माता भरगच्च साज करण्याबद्दल प्रसिद्ध होता, आणि धृपदातला वाद्यमेळ व मागचा कोरस मला वारंवार ऐकल्यावर जड वाटू लागला. पहिल्या महिन्यात आवडलं होतं. आता वाटतं, जोन्सला एकट्याला सोडलं असतं तरी चाललं असतं. मात्र माझ्या ओळखीतले जुने टेक्सासवाले यावर अजिबात सहमत नाहीत. त्यांच्या मते वाद्यं अशी उसळली नसती तर मधल्या कडव्यांचं साधेपण कानांत भरलंच नसतं. असेल. मी मात्र अर्धा तारा कापणार आहे तो याचसाठी.

हे गाणं बाहेर कसं आलं ती हकीकत माहीत झाल्यावर ऐकणं बदलतं, म्हणून ती सांगते. गाणं जोन्सने लिहिलेलं नाही. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या नॅशव्हिलच्या दोन गीतकारांनी लिहिलं. शेरिलला कल्पना पसंत पडली, पण मांडणी पटली नाही. त्याने ते त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतलं आणि मुख्य म्हणजे ती बाई शेवटी अंत्यविधीला येते असं एक कडवं घालायला लावलं.

त्या कडव्याचं महत्त्व मला आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी दाखवून दिलं. त्या थंडीत आमच्याकडे होत्या. गाणं सारखं कानावर पडायचं, म्हणून एकदा त्यांनी विचारलं, काय म्हणतोय हा? मी दारावरच्या फुलांपर्यंत गोष्ट सांगून थांबले. त्यांनी लगेच विचारलं, “मग ती आली का गं?” नेमकं हेच गाण्यातले लोकही विचारत असतात. त्या कडव्यात मित्र सांगतो की ती येईल की नाही असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. कुठल्याही गावात, कुठल्याही मयताला जमलेली माणसं दबक्या आवाजात हेच बोलतात. शेरिलला ते कळलं होतं. ती आली, हे ऐकल्यावर आई म्हणाल्या, “आली ना, मग बरं झालं.” मला तसं वाटत नाही. माझ्या मनात अजूनही राग येतो, तिच्यावर नाही, त्याच्यावर. बाईने स्पष्ट सांगितलं होतं की विसरशील. त्याने पत्रांवर लाल रेघा मारत आयुष्य काढलं आणि त्याला गाण्याने थोरपण दिलं. तिच्या बाजूने गाण्यात जवळपास काही नाही. यावर आमचं घरात बरंच बोलणं झालं आणि एकमत झालं नाही.

हे कडवं जोन्स गात नाही, बोलतो. कंट्रीत अशी मध्येच गद्य बोलण्याची जुनी रीत आहे. आणि हेच चार वाक्यांचं बोलणं रेकॉर्ड करताना सगळ्यात जास्त अडलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला जोन्स दारू आणि कोकेनने पुरता खिळखिळा झाला होता. बायको, गायिका टॅमी वायनेट, हिच्याशी १९७५ मध्ये घटस्फोट झालेला, मैफिली ठरवून तो यायचाच नाही म्हणून ‘नो शो जोन्स’ असं नाव पडलेलं, डोक्यावर कर्ज, आणि १९७९ च्या शेवटी अलाबामातल्या मनोरुग्णालयात उपचार. शेरिल सांगायचा की गाताना जोन्सची जीभ अडखळत नसे, पण प्यायलेला असताना साधं बोलायला गेला की शब्द एकमेकांत मिसळत. त्यामुळे पहिलं कडवं आणि हे बोलणं यांच्या रेकॉर्डिंगमध्ये दीड वर्षाचं अंतर पडलं, असं त्याचं म्हणणं. शिवाय जोन्स चालही चुकायचा. क्रिस क्रिस्टोफरसनच्या एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर तो हे गाऊ लागे आणि शेरिलला दर वेळी त्याला परत आणावं लागे.

हे वाचल्यावर मी ते बोललेलं कडवं पुन्हा ऐकलं. कुठेही जोड दिसत नाही. चारही वाक्यं स्वच्छ, सावकाश. एवढ्या चार वाक्यांसाठी तो माणूस केवढ्या लांबून आला होता, हे मनात ठेवून ऐकलं की मला त्या जागी गाण्यातला मित्र आणि गाणारा जोन्स वेगळे करता येत नाहीत.

जोन्सला स्वतःला हे गाणं आवडलं नव्हतं. फार लांब, फार रडकं, इतकं मरणाचं गाणं कोण विकत घेणार, अशा अर्थाचं तो शेरिलला तोंडावर म्हणाला होता. एपिक कंपनीने एप्रिल १९८० मध्ये हे सिंगल बाजारात आणलं. जुलैमध्ये ते बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. एकट्याच्या नावावर असा पहिला क्रमांक जोन्सला १९७५ नंतर मिळालाच नव्हता. तो उन्हाळा लक्षात घ्यायला हवा. जॉन ट्रॅव्होल्टाचा काउबॉय चित्रपट त्याच जूनमध्ये लागला होता, तो चित्रित झाला आमच्या शेजारच्या पॅसाडिनातल्या गिलीज नावाच्या नाचघरात. शहरातली पोरं टोपी आणि बूट घालून नाचायला लागली, कंट्री गुळगुळीत आणि चकाचक व्हायला लागलं. त्याच दिवसांत रेडिओवर एका म्हाताऱ्याच्या मयताचं हे गाणं लागत होतं आणि लोक फोन करून ते पुन्हा लावायला सांगत होते.

पुढे बक्षिसांची रांग लागली. कंट्री म्युझिक असोसिएशनने १९८० चं सर्वोत्कृष्ट सिंगल म्हणून निवडलं, आणि सर्वोत्कृष्ट गीताचा मान तर १९८० आणि १९८१ असा लागोपाठ दोन वर्षं दिला. जोन्सला ग्रॅमी मिळालं. नंतर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीतही ते घेतलं. जोन्सने आत्मचरित्रात कबूल केलंय की चार दशकांची कारकीर्द तीन मिनिटांच्या एका गाण्याने वाचवली.

कारकीर्द वाचली. माणूस लगेच वाचला नाही. यशानंतरही त्याचं पिणं चालू राहिलं. १९८३ मध्ये नॅन्सीशी लग्न झाल्यावर तो सावरू लागला, आणि दारू कायमची सुटली ती १९९९ च्या गाडीच्या अपघातानंतर. हे सांगते, कारण एका गाण्याने जोन्सचं आयुष्य बदललं अशी गोड गोष्ट बरेच जण सांगतात. खरं श्रेय ज्यांनी वर्षानुवर्षं त्याला सांभाळलं त्यांना द्यायला हवं.

लोकांनी त्या वेळी, आणि अजूनही, हे गाणं जोन्स टॅमीसाठी गातोय असंच ऐकलं. लिहिणारे दोघे वेगळे, गोष्ट काल्पनिक, तरी ऐकणाऱ्यांनी ते त्याच्या नावावर करून टाकलं. मी आधी हा भाबडेपणा समजत होते. आता वाटतं, त्यांचा कान बरोबर होता. पत्रांची ओळ तो ज्या रीतीने संपवतो ती ऐकून दुसरं काही मनात येणंच कठीण आहे.

रोज ऐकाल का, असं कुणी विचारलं तर नाही म्हणेन. मध्ये काही आठवडे मी रोज ऐकत होते तेव्हा ते बोथट झालं, फक्त कारागिरी दिसायला लागली. मग थोडे दिवस बंद ठेवलं आणि परत लावलं तेव्हा पूर्ण ताकदीने आलं. लोणच्यासारखं आहे, ताटात थोडंच हवं. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर मात्र थांबा. आमच्या एका मैत्रिणीला मी ते फार लवकर पाठवायला निघाले होते, नवऱ्याने थांबवलं ते बरं केलं.

पाचपैकी साडेचार तारे.

विकत घेताना किंवा फोनवर शोधताना एक काळजी घ्या. या गाण्याची मैफिलीतली रेकॉर्डिंग्ज खूप आहेत. उतारवयातला जोन्स ऐकायला हृद्य वाटतो, पण लोकांच्या टाळ्यांत ते दारावरच्या फुलांचं वाक्य वाहून जातं. सुरुवात १९८० च्या ‘आय ॲम व्हॉट आय ॲम’ या अल्बममधल्या मूळ रेकॉर्डिंगनेच करा, हेडफोन लावून. जुनी तबकडी घ्यायची असेल तर सुईने ओरखडे पाडलेत का ते आधी बघा, कारण शांत जागा याच गाण्यात जास्त आहेत आणि चरचर तिथेच ऐकू येते. त्यानंतर, हवं असेल तर, कंट्री गायक ॲलन जॅक्सनने २ मे २०१३ रोजी नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री हाऊसमध्ये जोन्सच्याच अंत्यविधीला गायलेलं ऐका. गाऊन झाल्यावर तो टोपी काढून छातीशी धरतो. जॅक्सन गाताना कुठलीही हरकत-मुरकी घेत नाही, चाल जशी आहे तशी ठेवतो, आणि वाद्यमेळाबद्दलची माझी तक्रार तिथे बरीचशी दूर झाली.